अंगणातील फुलझाडे

आमचे घर उचगावला आहे. करवीर तालुक्यातील हे गाव कोल्हापूर शहराला लागूनच आहे. घरापुढे छोटे अंगण आहे. तेथे फुलझाडे असावीत, अशी अम्मीची फार दिवसांची इच्छा होती.

एकदा रोपवाटिकेत मला फुलांनी भरलेला गुलाब दिसला. मी तो लगेच आणला आणि भिंतीजवळच्या सखल जागेत लावला. तेथे दिवसभर सावली असे. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचले. पाने पिवळी पडली. रोप उपटून पाहिले, तर मुळे कुजलेली होती. अम्मी म्हणाली, "बेटा, तू फूल पाहिलेस, जागा पाहिली नाहीस!"

पुढच्या वर्षी आम्ही आधी जागा पाहिली. पूर्वेकडे पाच-सहा तास ऊन येत होते. तेथे गुलाब, मोगरा, जास्वंद आणि निशिगंध लावायचे ठरले. निशिगंधाला गुलछडीही म्हणतात. गुलाब आणि गुलछडी या नावांतला 'गुल' आपल्या ओळखीचाच आहे! अर्धवट सावलीची जागा अबोलीला दिली. ही सर्व झाडे बहुवर्षायू आहेत.

मला कण्हेरही हवी होती. ती कमी पाण्यावर वाढते आणि भरपूर फुलते. पण तिचे सर्व भाग विषारी असतात आणि आमच्या दारात शेळी असते. अम्मी म्हणाली, "शेळीने जास्वंद खाल्ली, तर झाडाचे नुकसान होईल. कण्हेर खाल्ली, तर शेळीच जाईल." कण्हेरीचा विचार आम्ही सोडला.

मे महिन्यात दीड फूट खोल खड्डे काढून ते उन्हात तापू दिले. मग मातीत कुजलेले शेणखत मिसळून ते भरले. पाणी साचू नये म्हणून तेथील जमीन थोडी उंच केली. पाऊस सुरू झाल्यावर रोपे लावली. जास्वंदीचे रोप मात्र विकत आणले नाही. शेजाऱ्यांकडून पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी आणून लावली. काही दिवसांत तिला पालवी फुटली.

मोगरा आणि गुलाब यांची फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून गुलाबाची छाटणी पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये करतात. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरमध्ये तोडतात. जानेवारीत त्याची छाटणी करून खत-पाणी देतात. मग उन्हाळ्यात तो कळ्यांनी भरून जातो.

आता एप्रिलच्या सकाळी अम्मी ओंजळभर मोगरा तोडते आणि शेजारीही पाठवते. भिंतीजवळच्या त्या सखल जागेत आम्ही काहीच लावलेले नाही. तेथे शेळी बसते.

शब्दार्थ
सखल – खोलगट
बहुवर्षायू – अनेक वर्षे जगणारे
पालवी – कोवळी पाने
छाटणी – फांद्या कापणे

स्वाध्याय
१. लेखकाचा पहिला गुलाब का मेला?
२. अम्मीने कण्हेर का लावू दिली नाही?
३. तुमच्या घराजवळ ऊन कोठे व किती वेळ येते ते पाहा. तेथे कोणते झाड लावाल, ते पाच वाक्यांत लिहा.