मुंग्या आणि अक्षता

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरील चित्र संगणकात उतरवताना त्यातील ‘मुंग्या’ कशा घालवाव्यात, हा विषय कलाशाखेच्या विद्यार्थिनीने हाती घ्यावा याचे वाचकांस नवल वाटेल. पण निकड घरचीच होती. आमच्या रोडपालीच्या घरी १९८९ सालच्या, आत्याच्या लग्नाची एक व्हीएचएस कॅसेट आहे. तीत आजी धवला म्हणताना दिसते. आगरी लग्न धवलारिणीवाचून होत नसे, आणि आजी धवलारीण होती. माझ्या जन्मापूर्वीच ती वारली. तिचा आवाज दुसऱ्या कशातही उरलेला नाही.

प्रथम आम्ही कॅसेट एका दुकानात दिली. परत मिळालेले चित्र अगदी स्वच्छ होते, पण आजीचा चेहरा मेणाचा झाला होता. आत्याने पाहिले आणि विचारले, “अगं, अक्षता कुठं गेल्या?” खरोखरच, लोक हात उडवीत होते आणि हातांतून काहीच पडत नव्हते!

असे का व्हावे, याचा शोध घेताना मला कॅसेटचे अंतरंग थोडेफार कळले. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते व सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. तिच्यासमोर तिरपा ढोल सेकंदाला २५ वेळा फिरतो. त्यावरील दोन हेड फितीवर तिरप्या रेघा ओढतात. एक रेघ म्हणजे अर्धे चित्र. उजेड-अंधाराचा भाग एका पद्धतीने नोंदला जातो, तर रंग खालच्या, अरुंद पट्ट्यात कोंबलेला असतो. म्हणून उजेडातील मुंग्या बारीक दिसतात आणि रंगातील दोष मोठ्या डागांसारखे हलतात. आत्याच्या लाल शालूवर ते डाग उकळत्या रश्शासारखे दिसत. शिवाय फितीवरचा चुंबकीय लेप जेथे झडतो तेथे क्षणभर पांढरी रेघ चमकते.

आता अक्षतांचे कोडे सुटते. मुंग्या दर चित्रात जागा बदलतात, माणसे सहसा इतकी बदलत नाहीत. तेव्हा लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढली की मुंग्या विरतात. चार चित्रांच्या सरासरीने त्या निम्म्या होतात, नऊ चित्रांच्या सरासरीने एक-तृतीयांश. पण उडालेला तांदळाचा दाणा एका जागी एकाच चित्रात दिसतो. यंत्राच्या लेखी तोही मुंगीच! गाणाऱ्या आजीचे हलते ओठ त्याच हिशेबाने पुसट झाले.

मग मी मूळ कॅसेट घेऊन पुन्हा आरंभ केला. आमच्याकडची हवा खाडीची. फितीच्या कडेला बुरशीची पांढुरकी साय होती. तशी कॅसेट लावली तर हेडही बरबटतात, म्हणून कोरड्या हवेत ठेवून आधी तिची साफसफाई केली. हेड अल्कोहोलने व मऊ चामड्याने पुसले. कापसाचे तंतू अडकतात. व्हीसीआर जुनाच मिळवावा लागला, कारण जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ही यंत्रे बनविणे थांबविले. ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवताच निम्म्या रेघा गेल्या. जे दोष येथेच जातात, ते पुढे संगणकावर ढकलू नयेत. डळमळणाऱ्या रेघा सरळ करणारे टाइमबेस करेक्टर हे उपकरण मधे जोडले, आणि चित्र काही न गाळता साठविले. तासाला सुमारे ३० गिगाबाइट जागा लागते. ती खुशाल द्यावी.

खरा उपयोग एका साध्या युक्तीचा झाला. कॅसेट तीनदा वाजवून तिन्ही प्रती जुळवल्या आणि प्रत्येक ठिपक्यासाठी तिन्हींतील मधली किंमत घेतली. व्हीसीआरने वाजवताना घातलेल्या मुंग्या दर खेपेस निराळ्या असतात, त्या गळाल्या. अक्षता मात्र फितीवरच नोंदलेल्या. त्या तिन्ही वेळा त्याच क्षणी, त्याच जागी पडतात. त्या राहिल्या. अर्थात मूळ कॅमेऱ्याच्या मुंग्या आणि लेप झडल्याच्या रेघाही राहिल्या. रंगाची सरासरी मी बऱ्यापैकी काढली, कारण रंगातले बारकावे डोळ्याला फारसे जाणवत नाहीत. उजेडाला जवळजवळ हात लावला नाही. चित्र खरखरीतच आहे. आजीच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात, आणि मांडवामागचे मोकळे शेतही. आता तेथे इमारती आहेत.

आवाज फितीच्या कडेला, त्याच मंद गतीने नोंदलेला, म्हणून दबका आहे. धवल्यातील एक ओळ वाजंत्र्यात बुडते. मी ती दहा वेळा लावली, पण उमगली नाही. अकराव्या वेळी आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली, आणि आजी थांबली तेथून तिने ती ओळ म्हटली. मी वहीत लिहून घेतली.