नसलेली तारीख

मुलांनो, वहीत '३१ एप्रिल' अशी तारीख घातली तर बाई लगेच तिच्याखाली लाल रेघ ओढतील, कारण एप्रिलचे दिवस ३०च! संगणकाला मात्र हे कोणीतरी शिकवावे लागते.

प्रोग्रॅम लिहिणारे तारखांचा हिशेब दर वेळी नव्याने मांडत नाहीत. त्यासाठी तयार प्रोग्रॅमांचा संच वापरतात. त्याला लायब्ररी म्हणतात. नसलेली तारीख समोर आली की लायब्रऱ्या दोन तऱ्हांनी वागतात. पायथॉन भाषेतली लायब्ररी ३१ एप्रिल सरळ नाकारते आणि काम थांबवते. जावास्क्रिप्टला वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे दिले, तर ती गुपचूप १ मे धरून पुढे जाते.

ही दुसरी तऱ्हा बेरजेला सोयीची आहे. २५ एप्रिलनंतर दहा दिवसांनी कोणती तारीख? '३५ एप्रिल', म्हणजे ५ मे. पण माणसाने अर्जात भरलेली तारीख अशी सरकवू नये. समजा, व्हिसाची मुदत ३० एप्रिल आहे आणि टाइप करताना ३१ पडले. नोंद १ मे अशी होईल. ती दिसायला निर्दोष, म्हणून कोणालाच शंका येणार नाही. घरचे त्या तारखेवर विसंबले, तर दंड भरावा लागेल. नाकारलेली चूक तिथल्या तिथे सुधारता येते. लपलेली चूक पुढे महागात पडते.

आता आपल्या अमिरातीतले उदाहरण पाहू. हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो आणि ते चंद्रदर्शनावर ठरते. २०२४ मध्ये इथे रमजान ११ मार्चला सुरू झाला आणि ईद १० एप्रिलला आली. म्हणजे '३० रमजान' ही तारीख होती. २०२५ मध्ये रमजान १ मार्चला सुरू झाला आणि ईद ३० मार्चला आली. त्या वर्षी '३० रमजान' उजाडलीच नाही. म्हणून अशा तारखेसाठी प्रोग्रॅमला 'आहे' आणि 'नाही' यांखेरीज तिसरे उत्तरही यायला हवे: 'अजून ठरायचे आहे.'

आपल्या पंचांगातही एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपते. तिला क्षयतिथी म्हणतात. मात्र ती गणिताने आधीच कळते.

स्वाध्याय
१. २९ फेब्रुवारी १९०० आणि २९ फेब्रुवारी २००० यांपैकी कोणती तारीख खरी? (शतकाच्या वर्षाला ४०० ने भागून पाहा.)
२. घरच्या पंचांगात या वर्षातली एक क्षयतिथी शोधा.