टाक आणि नवसाची मूर्ती

रुप्याच्या वा तांब्याच्या पत्र्यावर ठशाने उठविलेली कुलदेवतेची लहान प्रतिमा म्हणजे टाक. खानापूरचा मैलार मल्लण्णा ज्यांचे कुलदैवत, त्यांच्या देवघरांत घोड्यावर बसलेल्या खंडोबा-म्हाळसेचा टाक बहुधा असतोच. पूर्वजांचेही टाक करतात. नवसाची वस्तू याहून निराळी. मूल झाले म्हणजे पाळणा, नेत्रपीडा गेली म्हणजे रुप्याचे डोळे देवास वाहतात. टाक घरी राहतो व पुजला जातो. वाहिलेली वस्तू त्या क्षणापासून आपली नव्हे.

हाच भेद प्राचीन रोमी लोकांतही होता. त्यांच्या घरांतील देवळीत ‘लारेस’ या गृहदेवतांच्या काशाच्या लहान मूर्ती असत. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात अशा देवळ्या पुष्कळ सापडल्या आहेत. देवालयात मात्र नवस फळल्यावर लहान मूर्ती अथवा बऱ्या झालेल्या अवयवाची प्रतिमा वाहात. फ्रान्समध्ये सेन नदीच्या उगमापाशी काशाच्या पत्र्यावर उठविलेले डोळे मिळाले; आपल्या डोळ्यांहून ते फार वेगळे नव्हेत! नवसाच्या लेखांत पुढे चारच अक्षरे कोरीत. त्यांचा अर्थ, ‘नवस फेडला, आनंदाने आणि उचित म्हणून.’ ऋण फेडताना ‘आनंदाने’ असे लिहिणारे लोक ते. देवालयात दाटी झाली म्हणजे जुन्या वस्तू आवारातच खड्डा करून पुरीत. देवाचे ते देवापाशीच राही.

आपल्या मुलखातही एक परदेशी मूर्ती आली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1944 ते 1946 या काळातील उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची काशाची सुबक मूर्ती निघाली. पश्चिमेकडील व्यापाराबरोबर ती आली असावी. परंतु ती काशाच्या भांड्यांच्या साठ्यात होती, देवालयात नव्हे. म्हणून तिला नवसाची मूर्ती म्हणता येत नाही. मूर्ती कोठे ठेविली होती, यावरच तिचे प्रयोजन ठरते.

झिजलेला टाक सोनाराकडे देऊन त्याच धातूचा नवा घडविणे हा घराण्याचा अधिकार होय. देवळातील डोळे व पाळणे यांचा विचार निराळा करावा लागेल. त्यांची मोड करून देवाचीच उपकरणी करण्यास हरकत नसावी. मात्र तत्पूर्वी कोणी, कोणत्या कारणास्तव वाहिले, एवढे तरी देवस्थानच्या वहीत उतरवून ठेवावे, असे मला वाटते. पुष्कळ वस्तूंची हकीकत आज केवळ वृद्ध स्त्रियांस ठाऊक आहे.