असेंद्रिय माध्यम आणि पाण्याचा हिशेब

ऑर्किडे कुजणाऱ्या माध्यमात न लावता भाजलेल्या मातीचे गोळे, विटांचे तुकडे, प्युमिस किंवा पर्लाइट यांत लावावीत, म्हणजे मुळे सडण्याची भीती कायमची मिटते, असा उपदेश घरगुती बाग करणाऱ्यांस हल्ली सर्वत्र ऐकावयास मिळतो. आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण पुण्यात माझ्या गच्चीवर जी ऑर्किडे आज फुलतात, ती बहुतेक अशाच माध्यमात आहेत. परंतु या उपदेशाचा उत्तरार्ध सांगावयाचा राहून जातो. तो असा की, माध्यम बदलल्याने जोखीम नाहीशी होत नाही. ती माध्यमावरून उठते आणि पाण्यावर जाऊन बसते.

आपल्या बाजारात मिळणारी फॅलेनॉप्सिस, व्हँडा, डेंड्रोबियम ही बहुतांशी अपिवनस्पती होत. म्हणजे कोकणात आंब्याफणसाच्या खोडांवरून उन्हाळ्याच्या अखेरीस लोंबणाऱ्या सीतेच्या वेणीप्रमाणे दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेणारी, पण बांडगुळाप्रमाणे त्याचा रस न शोषणारी. त्यांच्या मुळांवर मृत पेशींचे जे शुभ्र, सच्छिद्र वेष्टन असते, ते पावसाचे पाणी पाहता पाहता शोषून घेते आणि नंतर वाऱ्यावर तितक्याच सहजतेने कोरडे होते. तेव्हा या मुळांस पाण्याइतकीच हवेची निकड असते, हे उघड आहे. नर्सरीतून येणारे रोप मात्र कोकोपीटच्या किंवा शेवाळाच्या घट्ट गोळ्यात येते, जो वरून सुकलेला दिसतो आणि आत भिजलेला राहतो. आणि झाडाच्या सालीचे तुकडे वापरले, तरी आपल्या उष्ण व दमट हवेत एकदोन वर्षांत त्यांचा भुगा होऊन मधल्या पोकळ्या बुजतात, मुळे गुदमरतात आणि मग बुरशीस मोकळे रान मिळते. सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भट्टीत फुगवून भाजलेले मातीचे गोळे कुजत नाहीत, त्यांच्यामधील हवेच्या वाटा वर्षानुवर्षे खुल्या राहतात, आणि असेंद्रिय माध्यमाचा खरा लाभ एवढाच, पण थोर आहे.

मी गोळे घेतले तेव्हा विक्रेत्याने मजपाशी याहून अधिक कबूल केले होते. आता बारा महिने फक्त पाणी घालीत जा, दुसरे काही पाहावयास नको, अशी त्याची ग्वाही होती; आणि पावसाळा व हिवाळा या दोन्ही ऋतूंनी त्या ग्वाहीच्या बाजूनेच साक्ष दिली. पुढे चैत्र सरत आला, धरणांतील साठा उतरून नळाच्या पाण्यात कपात झाली, आणि आमच्या सोसायटीच्या टाकीत टँकरने आणलेले बोअरचे पाणी पडू लागले. दिसण्यात किंवा वासात ते निराळे नव्हते. पण गोळ्यांच्या माथ्यावर प्रथम पांढुरकी झाक आली, मग खरखरीत पापुद्रा धरला, मुळांची हिरवी टोके तपकिरी पडून खुंटली, पानांची अग्रे करपली, आणि ज्यांनी वर्षभर उत्तम वाढ दाखविली होती त्यांपैकी काही रोपे पावसाळ्याचे तोंड पाहण्यापूर्वीच गेली. त्याच टाकीचे पाणी पिणारी शेजाऱ्यांची सालीतील ऑर्किडे मात्र उन्हाळा निभावून गेली, ही गोष्ट मला अधिक विचारात टाकणारी ठरली.

पापुद्र्यावर व्हिनेगरचे थेंब टाकताच तो फसफसला, आणि कारणाचा उलगडा झाला. दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विपुल असतात. सच्छिद्र गोळे हे पाणी तळापासून वर ओढतात. माथ्याशी पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार तेथेच राहतात. कुजत चाललेली साल यांतील काही अंश स्वतःशी धरून ठेवते व मुळांवरचा आघात सौम्य करते. भाजलेल्या मातीच्या ठायी ही शक्ती जवळजवळ नसते. अशा कुंडीचा व्यवहार सावकाराच्या खात्यासारखा असतो: पाण्यातले क्षार जमा, खतातले क्षार जमा, आणि आपण होऊन निचऱ्यावाटे वजा केले नाहीत, तर बाकी चढतच जाते व तिची वसुली शेवटी मुळांकडून होते.

म्हणून या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्याने गोळे विकत घेण्याअगोदर पाणी तपासावे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे टी.डी.एस. मीटर ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. त्याचा आकडा शंभर-दीडशेच्या आत असल्यास निश्चिंत असावे. तीनशेच्या वर गेल्यास ते पाणी या झाडांस नित्य देण्याजोगे नाही असे समजावे. हे मापन एकदा करून भागत नाही, कारण श्रावणातील नळ आणि वैशाखातील टँकर यांचे दाखले एक नसतात. पन्हळीचे पावसाचे पाणी, पहिल्या एकदोन सरी वाहून जाऊ देऊन, झाकणाच्या पिंपात साठविल्यास उन्हाळ्याची पुष्कळशी तजवीज होते. घरातील आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणी चालते. पण त्याच यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून झाडांस घालण्याची जी रीत पडली आहे, ती ऑर्किडांपुरती तरी वर्ज्य करावी, कारण गाळून वेगळे केलेले सारे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

पाणी कितीही चांगले असले, तरी महिन्यातून एकदा, व उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा, कुंडीच्या आकारमानाच्या कित्येक पट साधे पाणी वरून सावकाश ओतून सारे तळातून वाहून जाऊ द्यावे. खत अल्प असावे: विद्राव्य खत एका लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम पुरे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या 19:19:19 खतात नत्राचा बराच भाग युरियाच्या रूपात असतो. त्याचे रूपांतर करणारे जीवाणू स्वच्छ गोळ्यांत अल्पसंख्य असल्याने, नायट्रेटयुक्त खत येथे अधिक उपयोगी पडते. पावसाच्या किंवा आर.ओ.च्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसते, म्हणून कॅल्शियम नायट्रेट अधूनमधून वेगळे द्यावे. स्फुरदाच्या खताबरोबर त्याचे दाट द्रावण केल्यास साका बसतो.

माध्यमांच्या निवडीत फार घोळ घालू नये. विटांचे तुकडे किंवा फुटकी मंगळुरी कौले स्वस्त व उत्तम आहेत, मात्र पाडलेल्या भिंतीच्या, चुन्यासिमेंटचा गिलावा चिकटलेल्या विटा घेऊ नयेत, कारण तो पाण्याची अल्कता वाढवितो. नवे तुकडे असोत वा गोळे, धूळ निघेपर्यंत धुऊन रात्रभर भिजत ठेवावेत. स्थलांतर मात्र नवी मुळे नुकतीच फुटू लागली असतील तेव्हाच करावे. कारण सालीत वाढलेली जुनी मुळे नव्या ओलाव्याशी सहसा जुळवून घेत नाहीत, आणि झाडाचा पुढचा संसार गोळ्यांतच जन्मलेल्या मुळांवर चालतो. फुललेले झाड हलविण्याचा मोह टाळावा.

कुंडीच्या तळापासून इंचभर उंचीवर छिद्रे पाडून खाली पाण्याचा साठा ठेवण्याची जी पद्धत आहे, ती ज्यांना रोज पाणी घालणे जमत नाही त्यांच्या सोयीची. पण तीस दोन अटी आहेत. पहिली थंडीची: ओल्या गोळ्यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने मुळे हवेहूनही गार पडतात, आणि रात्रीचे तापमान पंधरा अंशांखाली गेलेले फॅलेनॉप्सिसला सोसत नाही, म्हणून पौषात साठा काढून टाकून झाडे घरात घ्यावीत. दुसरी डासांची: डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात सुमारे आठवड्यात अंड्यापासून पंख फुटेपर्यंत पोहोचतो, तेव्हा आठवड्यातून एकदा साठा समूळ ओतून कुंडी व ताटली घासून घ्यावी. महापालिकेचा तपासनीस दारी येण्याची वाट पाहू नये.

ज्यांस बारमाही बोअरच्या पाण्यावर राहावे लागते आणि दुसरे पाणी साठविण्यास जागा नाही, त्यांनी सालीतच झाडे लावून दर दोन वर्षांनी ती साल बदलावी, हे मी कोणत्याही संकोचाशिवाय सांगतो. त्यात कमीपणा नाही. इतरांनी असेंद्रिय माध्यम अवश्य पत्करावे, परंतु एक चैत्र-वैशाख आपल्या नळाचा आकडा दर आठवड्यास टिपून ठेवावा, आणि गोळ्यांची खरेदी त्यानंतर करावी.