धानशेतीसाठी सरकारी अनुदान: आधी खिशातून किती जातात, परत किती येतात

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा, कुरखेडा, धानोरा, चामोर्शी या पट्ट्यात शेती म्हणजे धान. बांधी लहान, पाऊस भरपूर पण एकदम येऊन जाणारा, चहूबाजूंनी जंगल आणि बहुतेकांची जमीन पाच एकरांच्या आत. मातीचा कस टिकावा, पाणी शेतात राहावे, खताचा खर्च उतरावा यासाठी सरकारकडे योजना आहेत आणि त्यांत पैसाही आहे. तरी गावात विचारले की एकच तक्रार ऐकू येते: "अनुदान मिळते म्हणतात, पण आपल्यापर्यंत येत नाही." याचे कारण पुष्कळदा साधे असते. फलकावर ८० टक्के लिहिलेले असते, पण दुकानदाराला पहिल्या दिवशी पूर्ण शंभर टक्के मोजावे लागतात. ती रक्कम ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी योजना तिथेच संपते.

म्हणून कोणत्याही योजनेचे नाव ऐकले की आधी तीन गोष्टी विचारा. सुरुवातीला माझे किती लागतील? टक्केवारी माझ्या बिलावर काढणार की सरकारने ठरवलेल्या मापदंडावर? आणि पैसे कोणत्या तपासणीनंतर खात्यात पडतील? ही उत्तरे मिळाल्याशिवाय अंगठा देऊ नका.

जिथे रोख जवळजवळ लागत नाही

सुरुवात इथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. मृद आरोग्यपत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. गावाच्या सहायक कृषी अधिकाऱ्यामार्फत (पूर्वीचे कृषी सहायक) नमुना गेला तर पत्रिकेचे पैसे पडत नाहीत. धान निघाल्यावर, बांधी वाळली की नमुना काढावा. खत टाकल्यावर काढलेल्या नमुन्याचा उपयोग नाही.

सल्लाही फुकट आहे आणि तो चांगला आहे. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धान संशोधन चालते, शिवाय तिथे कृषी विज्ञान केंद्र आहे. गडचिरोलीचे कृषी विज्ञान केंद्र सोनापूरला आहे. जाणे जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० चालतो, मराठीत बोलता येते आणि फोनचे पैसे लागत नाहीत.

या केंद्रांत गेलात तर चारसूत्री भात लागवडीबद्दल जरूर विचारा. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ही पद्धत लहान शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारी आहे. पऱ्ह्याच्या वाफ्यात तुसाची राख, बांधीत गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर १५-२५ सेंटिमीटर अंतराने रोवणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट, अशी ती चार सूत्रे. तुसाची राख राईस मिलवर मिळते. गिरिपुष्प एकदा धुऱ्यावर लावले की वर्षानुवर्षे पाला देते. गुंठ्याला साधारण ३० किलो, म्हणजे एकराला १,२०० किलो पाला लागतो. रोवणीच्या आठवडाभर आधी फांद्या बांधीत पसरायच्या, पाला गळला की काड्या उचलायच्या आणि चिखलणी करायची.

ब्रिकेटचा हिशेबही पाहून घ्या. एक ब्रिकेट २.७ ग्रॅमची, एकराला सुमारे ६८ किलो. तिच्यात ६० टक्के युरिया आणि ४० टक्के डीएपी असते. म्हणजे ४१ किलो युरिया आणि २७ किलो डीएपी. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैसे आणि ५० किलोची डीएपी १,३५० रुपये धरली तर कच्चा माल एकरी सुमारे ९८० रुपयांचा होतो. त्यावर ब्रिकेट पाडून घेण्याची मजुरी. खरा खर्च हातांचा आहे: रोवणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी लागते. घरात माणसे असतील तर परवडते. सगळी रोवणी गुत्त्यावर देत असाल तर आधी मजूर टोळीशी बोला, नाही तर दोरी एका कोपऱ्यात आणि ब्रिकेट फेकलेल्या, असे होते. फेकलेली ब्रिकेट म्हणजे महागडा युरिया.

बियाण्याचेही तसेच. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या लोंब्या निवडत एचएमटी हे धान घडवले. सरळ वाणाचे बियाणे घरी राखता येते आणि २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला तो हक्क देतो. संकरित बियाणे मात्र दर हंगामात विकत घ्यावे लागते. कमी खर्चाच्या शेतीत हा फरक मोठा आहे.

मामा तलावाचा गाळ

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने आणि गावकऱ्यांनी ते बांधले. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले आणि अनेक ठिकाणी गाळाने भरत गेले. त्या गाळात आपल्या शेतांचीच वाहून गेलेली माती आहे. ती परत आणणे हे मला या पट्ट्यातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते, कारण तलावही खोल होतो आणि बांधीही सुधारते.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ फुकट मिळतो. अल्प आणि अत्यल्पभूधारकाला वाहतुकीसाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळतात. मर्यादा एकरी १५,००० रुपये आणि अडीच एकरांपर्यंत ३७,५०० रुपये. आता ट्रॅक्टरवाल्याच्या भाषेत बोलू. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे एका ब्रासच्या ट्रॉलीमागे अनुदान सुमारे १०१ रुपये. तलाव शेताला लागून असेल तर यात भागू शकते. दोन-तीन किलोमीटर लांब असेल तर फेरीचा दर विचारा आणि त्यातून १०१ वजा करा, उरलेले तुमचे. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून ट्रॅक्टर लावला तर फेरी स्वस्त पडते. आधी ग्रामपंचायतीतून मागणी नोंदवावी लागते आणि ट्रॉल्यांचे मोजमाप होते. नोंद नसलेल्या गाळाचे पैसे मिळत नाहीत.

नैसर्गिक आणि सेंद्रिय शेतीचा पैसा

इथे आकड्यांवरून गैरसमज फार होतात. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये, असे सांगितले जाते. त्यातले शेतकऱ्याच्या खात्यात थेट येतात १५,०००. उरलेले प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्री अशा गटाच्या कामांवर खर्च होतात. म्हणजे तुमच्या हाती वर्षाला हेक्टरी ५,०००, एकरी २,०००. ही रक्कम वाईट नाही, पण ३१,५०० ऐकून कर्ज काढू नका.

राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यात एकरी ४,००० रुपये वर्षाला, दोन वर्षे, आणि एका शेतकऱ्याला एकाच एकरापुरते. गावातल्या कृषी सखीने शिकवायचे आणि जैविक निविष्ठा केंद्रातून जीवामृतासारखी तयार द्रावणे मिळायची, अशी रचना आहे. घरी करायचे तर २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती एका एकराला पुरते. गूळ ५० आणि बेसन १०० रुपये किलो धरले तर एका वेळचे ३०० रुपये होतात. हंगामात पाच वेळा दिले तर १,५००. गाय घरची असेल तर ४,००० मध्ये हे बसते आणि मजुरीलाही थोडे उरते. गाय नसेल तर आधी गावात केंद्र सुरू आहे का, ते पाहा.

एकच एकर घ्या, हे मी आग्रहाने सांगते. पहिल्या एक-दोन हंगामांत उत्पन्न घटू शकते आणि ज्याच्या घरी खाण्याचे धान त्याच शेतातून येते, त्याने सगळी जमीन पणाला लावणे बरोबर नाही.

जिथे मोठी रोख लागते

बोडी आणि शेततळे या पट्ट्याची जुनी गरज आहे. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओढ देतो, तेव्हा एक पाणी मिळाले तर धान वाचते. वैयक्तिक शेततळ्याला आकारानुसार ७५,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. किमान जमिनीची अट आहे, ती आधी विचारून घ्या. खोदकाम जेसीबीने होते आणि त्याचे पैसे तासावर, तिथल्या तिथे द्यावे लागतात. खोदाई किती घनमीटरची आणि तास किती लागतील, हे लिहून घेतल्याशिवाय यंत्र शेतात उतरवू नका. धानाच्या बांधीत बोडी हवी की शेततळे, हेही आधी अधिकाऱ्याशी ठरवा; मोजमाप आणि आखणी वेगळी पडते.

ठिबक आणि तुषार संच भाजीपाला, मिरची, फळबाग यांसाठी. अल्प आणि अत्यल्पभूधारकाला केंद्राचे ५५ आणि राज्याचे २५ मिळून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. पण ते मापदंडाच्या किमतीवर. समजा मापदंड १ लाखाचा आणि तुमचे बिल १ लाख २० हजारांचे. अनुदान ८०,००० येते, खिशातून ४०,००० जातात. म्हणजे प्रत्यक्षात अनुदान ६७ टक्के पडले. म्हणून दोन-तीन विक्रेत्यांची दरपत्रके घ्या.

सौर पंपात हिशेब उलटा आहे आणि शेतकऱ्याच्या सोयीचा आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा, बाकीचे सरकार पाहते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पाण्याचा शाश्वत स्रोत मात्र आधी हवा.

विहिरीसाठी आदिवासी शेतकऱ्याने बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आणि अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना पाहावी. दोन्ही जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून चालतात. नव्या विहिरीची मर्यादा आता ४ लाख आहे. रक्कम काम जसे पुढे सरकते तशी, मोजमापानंतर येते. म्हणजे पहिल्या टप्प्याचे पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. त्यासाठी सावकाराच्या दारात जाण्याआधी किसान क्रेडिट कार्ड विचारा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही.

हे शेवटचे वाक्य वनपट्टाधारकांसाठी फार महत्त्वाचे आहे. वनहक्काची जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही, त्यामुळे कर्जाच्या वेळी अडवणूक होते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. अर्जात आणि बँक खात्यात नावे जशीच्या तशी जुळली पाहिजेत. सातबाऱ्यावर नोंद नसेल तर वनहक्क प्रमाणपत्राची प्रत जोडा. "सातबारा नाही, म्हणून योजना नाही," असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागा. लेखी नकार मिळाला की वर अर्ज करता येतो. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही.

जंगलाला लागून शेत असेल तर रानडुकरांपासून रक्षणाचा खर्चही याच हिशेबात धरा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वनालगतच्या गावांतील शेतकऱ्याला सौर कुंपणासाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळते. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात. विजेचा थेट प्रवाह तारेत सोडणे हा गुन्हा आहे. त्याने वाघ मरतात आणि शेजाऱ्याचे मूलही मरू शकते.

अर्ज करताना

बहुतेक अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. शासकीय शुल्क २३ रुपये ६० पैसे. त्यावरचे पैसे सेवा केंद्राची मजुरी असते, तिची पावती मागा. शेतकरी ओळख क्रमांक, आधारशी जोडलेला मोबाइल आणि आधारशी जोडलेले बँक खाते, ही तिन्ही आधी तपासून घ्या. पैसे अडकतात ते बहुधा इथेच. आता सोडतीऐवजी आधी येणाऱ्याला आधी, असा नियम आहे, त्यामुळे अर्ज लवकर भरणे फायद्याचे.

पूर्वसंमती मिळण्याआधी काहीही विकत घेऊ नका. दुकानदार "बिल नंतरच्या तारखेचे देतो" म्हणाला तरी नको. मोका तपासणीत ते पकडले जाते आणि पूर्ण रक्कम बुडते. आकडे शासन निर्णयाने बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी ताजा निर्णय दाखवायला सांगा.

वेळापत्रक असे धरता येईल. धान निघाल्यावर डिसेंबरात मातीचा नमुना. जानेवारी-फेब्रुवारीत महाडीबीटीचे अर्ज आणि ग्रामपंचायतीत गाळाची मागणी. एप्रिल-मेमध्ये तलाव आटल्यावर गाळाची वाहतूक आणि बोडीची खोदाई. पहिला पाऊस पडला की धुऱ्यावर गिरिपुष्पाची लागवड.