प्रमाणकांची पदच्युती : इथेरियमच्या जाळ्यातील नियमव्यवस्था

व्यवहारांची नोंदवही एकाच कचेरीच्या ताब्यात न ठेवता हजारो संगणकांवर एकाच वेळी राखावयाची, ही ब्लॉकचेनमागील मूळ कल्पना होय. अशा वहीतील नोंद खरी असल्याची ग्वाही कोणी द्यावयाची आणि ग्वाही देणाराच खोटा ठरल्यास त्याला कोणी दूर करावयाचे, हे दोन प्रश्न येथे ओघानेच उद्भवतात. १५ सप्टेंबर २०२२ पासून इथेरियमच्या जाळ्यात ही ग्वाही ‘प्रमाणक’ देतात. प्रमाणक होण्यासाठी किमान ३२ ईथर एवढे चलन अनामत ठेवावे लागते. प्रत्येक प्रमाणकाने सुमारे साडेसहा मिनिटांच्या प्रत्येक सत्रात एकदा मत नोंदवावे, अशी अपेक्षा असते.

प्रमाणक तीन मार्गांनी जाळ्याबाहेर जातो.

स्वेच्छानिवृत्ती

पहिला मार्ग राजीनाम्याचा. स्वाक्षरीनिशी तसा संदेश दिल्यावर प्रमाणकास रांगेत थांबावे लागते. एका सत्रात किती अनामत बाहेर जाऊ शकते, यास मर्यादा घातलेली आहे. कारण बहुसंख्य प्रमाणक एकाएकी निघून गेल्यास वहीची सुरक्षितताच धोक्यात येईल. अनामत काढून घेण्याची सोय एप्रिल २०२३ मध्ये उपलब्ध झाली.

गैरहजेरी

दुसरा मार्ग गैरहजेरीचा. वीज गेली वा यंत्र बंद पडले, तर चुकलेल्या मतांबद्दल अल्प दंड होतो. हा दंड बुडालेल्या मोबदल्याच्या जवळपास असतो. परंतु नोंद कायम होण्यास दोन-तृतीयांश अनामतीचा पाठिंबा लागतो. सभेची गणसंख्या भरू नये, त्याप्रमाणे एक-तृतीयांशाहून अधिक अनामत गैरहजर राहिल्यास नोंदी कायम होणे थांबते. ही स्थिती चार सत्रांहून अधिक टिकली, तर गैरहजरांचा दंड उत्तरोत्तर वाढत जातो व हजर असलेल्यांचे प्रमाण पुन्हा दोन-तृतीयांशावर येईपर्यंत त्यांची अनामत झिजत राहते. ज्याची गणनेस धरली जाणारी अनामत १६ ईथरपर्यंत घसरते, तो आपोआप बाद होतो. मे २०२३ मध्ये ही वाढत्या दंडाची तरतूद प्रथमच अमलात आली; मात्र जाळे लवकरच पूर्ववत झाले.

खोटी ग्वाही

तिसरा मार्ग शिक्षेचा. त्यास ‘स्लॅशिंग’ म्हणतात. एकाच वेळेसाठी दोन वेगळे गट मांडणे, एकाच सत्रात दोन परस्परविरोधी मते देणे, अथवा आपल्याच जुन्या मतास वेढून टाकणारे नवे मत देणे, हे तीन अपराध होत. येथे न्यायाधीश नाही व साक्षीदारही लागत नाही. अपराध्याच्या स्वतःच्या दोन विसंगत स्वाक्षऱ्या हाच पुरावा असतो. तो वहीत नोंदला जाताच अनामतीचा काही भाग तात्काळ कापला जातो, प्रमाणक बडतर्फ होतो आणि उरलेली रक्कम सुमारे ३६ दिवस अडकून राहते. ही तात्काळ कपात पूर्वी ३२ व्या भागाइतकी होती. मे २०२५ च्या सुधारणेने ती ४,०९६ व्या भागावर आणली गेली.

खरी शिक्षा मात्र या मुदतीच्या मध्यावर ठरते. त्या क्षणाच्या आधीच्या सुमारे ३६ दिवसांत आणखी किती अनामतीवर अशी कारवाई झाली, हे पाहिले जाते. एकट्यादुकट्याचा अपराध असेल, तर वाढीव दंड नगण्य ठरतो. एकूण अनामतीच्या एक-तृतीयांशावर कारवाई झाली असेल, तर दोषींची सर्व अनामत जाते. एकट्याच्या हातून बहुधा चूक घडते, पण अनेकांनी एकाच वेळी तेच केले तर तो कट असू शकतो, हे या भेदामागील तत्त्व आहे.

प्रत्यक्षात आजवरच्या बहुतेक कारवाया लबाडीमुळे नव्हे, तर हयगयीमुळे झाल्या आहेत. यंत्र बंद पडू नये म्हणून तीच गुप्त किल्ली दुसऱ्या यंत्रावरही चालू ठेवली जाते आणि दोन्ही यंत्रे मत देऊन बसतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका सेवासंस्थेचे ७५ प्रमाणक दुहेरी स्वाक्षरीमुळे बडतर्फ झाले. गैरहजेरीच्या अल्प दंडाची धास्ती घेऊन त्याहून मोठा धोका पत्करू नये, हाच यातील बोध होय.

बाद झालेल्या प्रमाणकास त्याच किल्लीने पुन्हा प्रवेश मिळत नाही. नियम आधीपासून सर्वांस ज्ञात असणे, पुरावा कोणासही तपासता येणे आणि शिक्षा अपराधाच्या व्याप्तीप्रमाणे असणे, या तीन गोष्टींमुळे अधिकारी नसलेल्या या व्यवस्थेतही शिस्त राखली जाते.