अमेरिकेतील सर्जरीची रेसिडेन्सी : 'मॅच' समजून घेऊ या

आपल्या संस्थेच्या सभासद कुटुंबांतील मुले-मुली आज एम.बी.बी.एस.ला शिकत आहेत. काहींची पदवी पूर्ण होऊन इंटर्नशिप चालू आहे. त्यांतील काहींना सर्जन व्हायचे आहे आणि तेही अमेरिकेत. पालक आम्हाला विचारतात, "त्यासाठी मार्क किती लागतात?" प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. ते का देता येत नाही, हे समजावून सांगणे हाच या लेखाचा उद्देश आहे. अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाची किंमत कुटुंबाच्या बचतीतून आणि विद्यार्थ्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांतून मोजावी लागते, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

१. आपली पद्धत आणि तिकडची पद्धत

आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजी ही एक परीक्षा असते. तिच्या गुणांवर क्रमांक लागतो, त्यानंतर आरक्षणाच्या नियमांनुसार प्रवेशाच्या फेऱ्या होतात. एखाद्या वर्षी क्रमांक कमी आला तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते.

अमेरिकेत तसे नाही. तेथे विद्यार्थी अनेक रुग्णालयांकडे अर्ज करतो. रुग्णालये अर्ज चाळून थोड्यांना मुलाखतीला बोलावतात. मुलाखतींनंतर विद्यार्थी रुग्णालयांची पसंतीक्रम यादी देतो आणि रुग्णालये विद्यार्थ्यांची यादी देतात. दोन्ही याद्या संगणकावर जुळवल्या जातात. यालाच 'मॅच' म्हणतात. मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी जागा मिळाली की नाही एवढेच कळते आणि शुक्रवारी कोठे मिळाली ते कळते. हा निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.

२. ही पद्धत का आली?

१९४० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर कमी व जागा जास्त अशी स्थिती होती. चांगला विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये म्हणून रुग्णालये पदवीच्या दोन-दोन वर्षे आधीच नेमणुका देऊ लागली. 'आत्ताच हो म्हणा, नाहीतर जागा गेली' असा दबाव विद्यार्थ्यांवर येई. यावर उपाय म्हणून १९५२ पासून मध्यवर्ती मॅच सुरू झाला. त्याआधी आखलेल्या पहिल्या पद्धतीत मनातली खरी पसंती लिहिणाऱ्याचेच नुकसान होण्याची शक्यता होती. विद्यार्थ्यांनी संघटित होऊन हरकत घेतली आणि पद्धत बदलून घेतली. पुढे अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ यांनी सुधारलेली, विद्यार्थ्याच्या पसंतीपासून सुरुवात करणारी पद्धत १९९८ च्या मॅचपासून लागू झाली. अशा जुळणीच्या अभ्यासासाठी रॉथ व लॉइड शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३. याद्या कशा जुळतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'पूर्व' आणि 'पश्चिम' अशी दोन रुग्णालये आहेत, प्रत्येकी एक जागा आहे. क, ख, ग असे तीन विद्यार्थी आहेत. क व ग यांची पहिली पसंती पूर्व, दुसरी पश्चिम. ख ची पहिली पसंती पश्चिम, दुसरी पूर्व. पूर्वच्या यादीत ख, क, ग असा क्रम आहे. पश्चिमच्या यादीत क, ग, ख असा.

क ला पूर्वमध्ये आणि ख ला पश्चिममध्ये तात्पुरती जागा मिळते. ग पूर्वकडे जातो, पण तेथे क त्याच्या वर आहे. मग तो पश्चिमकडे जातो. पश्चिमला ख पेक्षा ग अधिक पसंत, म्हणून ख बाहेर पडतो व पूर्वकडे जातो. पूर्वला क पेक्षा ख पसंत, म्हणून आता क बाहेर पडतो व पश्चिमकडे जातो. पश्चिमच्या यादीत क सर्वांत वर असल्याने ग ची जागा जाते. शेवटी ख ला पूर्व, क ला पश्चिम, ग रिकामा.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, क ने आधी पूर्व लिहिले म्हणून पश्चिमची जागा त्याच्या हातून गेली नाही. तेव्हा यादी आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमानेच लिहावी. 'हे आपल्याला घेतील का' असा अंदाज बांधून क्रम फिरवू नये. दुसरा, ग च्या यादीत दोनच नावे होती. तिसरे असते तर कदाचित त्याचे काम झाले असते. यादी लांब होते ती मुलाखतींमुळे. म्हणून खरी लढाई मुलाखतीची पत्रे मिळवण्याची आहे.

४. मुलाखत कशावर मिळते?

अमेरिकी वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप वन, २०२२ च्या जानेवारीपासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा झाला. त्यामुळे गुण मिळणाऱ्या स्टेप टू सीके या परीक्षेचे वजन वाढले. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. उत्तीर्ण झालेली स्टेप गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही आणि नापास झाल्याची नोंद कायम राहते. तयारी पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नये.

गुणांखेरीज अमेरिकेतील सर्जनांची शिफारसपत्रे, तेथील रुग्णालयात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव आणि संशोधन यांचा विचार होतो. परदेशी विद्यार्थी यासाठी अनेकदा एक-दोन वर्षे तेथे संशोधनात घालवतात आणि ते काम पुष्कळदा बिनपगारी असते. मुलाखती मात्र २०२० पासून बहुतांशी संगणकावरून होतात, त्यामुळे तो प्रवासखर्च वाचतो.

५. परदेशी पदवीधराची स्थिती

२०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकी एम.डी. विद्यार्थ्यांपैकी शेकडा सुमारे ९३ जणांना जागा मिळाली. बिगर-अमेरिकी परदेशी पदवीधरांपैकी सुमारे ५८ जणांना. हे आकडे सर्व शाखांचे मिळून आहेत आणि यादी दिलेल्यांचेच आहेत. मुलाखतच न आल्याने ज्यांनी यादी दिली नाही, ते यात मोजलेले नाहीत.

सर्जरीत चित्र अधिक कठीण आहे. न्यूरोसर्जरी सात वर्षांची असून तिच्या जागा देशभरात सुमारे अडीचशे आहेत. न्यूरोसर्जरी, प्लॅस्टिक सर्जरी, ऑर्थोपेडिक्स आणि कान-नाक-घसा या शाखांत परदेशी पदवीधरांना फारच थोड्या जागा मिळतात. जनरल सर्जरी पाच वर्षांची आहे, तिच्या पूर्ण मुदतीच्या जागा सतराशेच्या आसपास आहेत. तिच्यात 'प्रिलिमिनरी' म्हणजे एकाच वर्षाच्या जागाही असतात. परदेशी पदवीधरांना पुष्कळदा हीच जागा मिळते. वर्ष संपल्यावर पुढची जागा मिळेल याची हमी नसते. 'सर्जरी मिळाली' असे कळले की ती पूर्ण मुदतीची की एका वर्षाची, हे आधी विचारावे.

तिकडे आपल्यासारखा राखीव कोटा नाही. रेसिडेन्सीत पगार मिळतो, फी नसते, ही जमेची बाजू आहे. पण खर्च रेसिडेन्सीच्या आधी होतो आणि तो परत मिळत नाही. जे-१ व्हिसावर गेल्यास शिक्षणानंतर, सूट मिळाल्याखेरीज, दोन वर्षे मायदेशी राहावे लागते.

६. मग करावे काय?

(अ) विद्यार्थ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : मला सर्जन व्हायचे आहे की अमेरिकेत डॉक्टर व्हायचे आहे? सर्जन व्हायचे असेल तर येथे तीन वर्षांची एम.एस. व पुढे एम.सीएच. हा पूर्ण मार्ग आहे. अमेरिका हवी असेल तर इंटर्नल मेडिसिनसारख्या शाखेचाही विचार ठेवावा.

(आ) पैसे भरण्यापूर्वी परीक्षा, अर्ज, प्रवास व तेथील राहणे यांचा हिशेब कागदावर मांडावा. घर गहाण ठेवून एकाच मॅचवर सर्व काही लावू नये.

(इ) किती प्रयत्न करायचे, हे आधीच ठरवावे. जागा मिळाली नाही तर उरलेल्या जागांसाठी त्याच आठवड्यात अर्ज करता येतो. तेथेही न जमल्यास ठरलेल्या दुसऱ्या मार्गाला लागावे.

(ई) नातेवाइकांनी 'अमक्याचा मुलगा गेला, तू का नाही?' असे म्हणू नये. ग ला जागा मिळाली नाही, म्हणून तो नालायक ठरला नाही. दोन जागांसाठी तीन जण होते.

विद्यार्थी मित्रांनो, मोठे स्वप्न पाहण्यापासून आम्ही तुम्हाला परावृत्त करीत नाही. उलट यादीत स्वप्न पहिल्या क्रमांकावरच लिहा, त्याने तुमचे काही बिघडत नाही. मात्र त्याखाली दुसरे, तिसरे आणि चौथे नावही विचारपूर्वक लिहा. आपल्या आईवडिलांनी तुमच्या शिक्षणासाठी जे कष्ट उपसले, त्यांचे चीज करण्याचा मार्ग एकच नाही. तुम्ही मुंबईत सर्जन व्हा, नांदेडला व्हा किंवा सातासमुद्रापार व्हा. तुमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्याला तुमचा अनुभव खरा-खरा सांगा, हीच आमची विनंती.